पायाची सूज, लघवीची गोळी आणि घसरलेलं सोडियम

प्रश्न : डॉक्टर, माझी आई ७८ वर्षांची आहे, बीपीचा त्रास जुना. बीपी १७०च्या वर जायला लागलं म्हणून अॅम्लोडिपिन ५ची १० केली, थोड्या दिवसांत दोन्ही पाय घोट्यापर्यंत सुजले, मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली. सूज उतरली नाहीच, उलट आई गळून गेली, एक दिवस असंबद्ध बोलायला लागली, ॲडमिट केलं तर रक्तातलं सोडियम ११९, म्हणजे खूपच कमी! आता ती घरी आहे, सोडियम १३४ आलंय, लघवीची गोळी बंद केलीय, पण सूज तशीच आहे. गोळी अर्धी करून परत देऊ का? सगळे म्हणतात मीठ वाढवा, वाढवू का? गुडघ्यासाठी ती मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणते अधूनमधून.
– एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : ताई, नको, अर्धी पण नको. ही सूज बहुतेक अॅम्लोडिपिनचीच आहे. या गोळीने बारीक धमन्या सैल होतात पण शिरा तेवढ्या होत नाहीत, मग त्यांच्या मधल्या केसासारख्या वाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं आणि पायात उतरतं, संध्याकाळी जास्त, सकाळी कमी. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही, पण उतारवयात, त्यातही बायकांमध्ये, थायझाइड प्रकारच्या लघवीच्या गोळीने सोडियम मात्र झरझर खाली येतं. एका गोळीचा त्रास हा नवीन आजार समजून दुसरी गोळी दिली जाते आणि मग तिसरी, हे मी इतक्या घरांमध्ये बघतो की जीव हळहळतो.

सूज डोसवर अवलंबून असते, म्हणून तुमच्या डॉक्टरांना विचारा की १०ची परत ५ करून जोडीला टेल्मिसार्टनसारखी बीपीची दुसरी गोळी चालेल का, त्याने सूज पण कमी होते. त्याआधी किडनी आणि पोटॅशियम तपासायचं, सुरू केल्यावर एकदोन आठवड्यांनी परत. स्वतःहून अॅम्लोडिपिन बंद करू नका. एकाच पायाला सूज असेल, दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर हे सगळं सोडा, लगेच दाखवा, ती गोष्ट वेगळी.

मीठ वाढवू नका, सोडियम लघवीच्या गोळीने उतरलं होतं, जेवणातल्या मिठाने नाही, आणि मिठाने बीपी परत चढेल. 'लो सोडियम' मीठ आणायचा विचार असेल तर तेही नको, बऱ्याचदा त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनबरोबर ते रक्तात साठू शकतं.

डायक्लोफेनॅक मात्र आजपासून बंद. त्याने बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो, सूजही वाढते. कुणी याबद्दल विचारलंच नसेल, पण बीपी का वाढत गेलं त्यात याचाही हात असू शकतो! गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून.

पुढच्या व्हिजिटला घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक, मेडिकलवाल्याने दिलेल्या, सगळ्या, कारण वेगळ्या नावाने तेच औषध दोनदा चालू असलेलं मला कितीदा तरी सापडलंय. बीपी झोपवून आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत परत मोजायला सांगा, वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर पडायची भीती आहे. आणि आई परत असंबद्ध बोलायला लागली, सारखी झोपून राहायला लागली किंवा उलट्या झाल्या तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलला नेऊन सोडियम करून घ्या.