रेट ठरवायच्या आधी हजेरीबुक घे

पोरा,

नागपुरात बेसाकडे सेंट्रिंग-काँक्रीटचं, म्हणजे स्लॅबले फळ्या-टेकू लावून भरायचं काम लेबर रेटवर (माल बिल्डरचा, मजुरी आपली) भेटलं म्हणून तुझा मेसेज आला, लई बरं वाटलं. तू विचारून राहिला की स्क्वेअर फुटामागे किती मागू, ते सांगतो, पण आधी दुसरं ऐक.

माझ्या ठेकेदारीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका साइटवर सिवनीकडचा एक माणूस परांचीवरून पडला. वाचला, पण पाय गेला. माझ्या डायरीत त्याचं नुसतं अर्धं नाव आन् घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, एवढंच होतं, बाकी कधीपासून कामावर, रोजी किती, काहीच नाही. मी अंदाजानं एक सांगू, त्याचा भाऊ दुसरं सांगे, आन् खरं भावाचंच होतं. पैसे दिले मी, पण लई उशिरा दिले, ते आजही खुपतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून हजेरीबुक ठेव. पूर्ण नाव, गाव, वय, आधार नंबर, रोजी, ओव्हरटाइम, उचल, चुकारा (हिशेब करून दिलेले पैसे) आन् सही नाहीतर अंगठा. रेजांची, म्हणजे बाया मजुरांची, नावं नवऱ्याच्या नावाखाली लिहू नको, त्यांची हजेरी वेगळी, पैसे त्यांच्याच हातात नाहीतर खात्यात. अपघाताचा विमा काढशील तेव्हा कंपनी हाच पगाराचा कागद मागते, आन् विमा काढच. साइटवर ३० वर्षांचा माणूस गेला तर भरपाईचा हिशेब महिन्याचा अर्धा पगार गुणिले त्या वयाचा ठरलेला आकडा २०७.९८ असा असतो, १५,००० पगार धरला तरी साडेपंधरा लाखांच्या वर जाते. घर विकून भरशील का?

आन् हेच बुक मजुराच्याही कामाचं आहे. बांधकाम कामगार मंडळात १८ ते ६० वयाच्या माणसाची नोंदणी होते, त्याले मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागते आन् तो तू देऊ शकते. त्यावर पोरांची स्कॉलरशिप, दवाखाना, बरंच काही भेटते. तो पैसा बांधकामाच्या खर्चावर जो १ टक्का सेस कापतात त्यातूनच येते, म्हणजे त्याईच्याच कामाचा आहे. दाखल्यासाठी कोणाकडून एक रुपया घेऊ नको, घेणारे मी पाहिले आहेत.

आता माणसं टिकायची गोष्ट. तुझी टोळी गोंदिया-बालाघाटची असन तर जुलैत धानाच्या रोवण्याले गावी जाईलच, धान कापायले परत जाईल, मग दिवाळी. हे पावसाळ्यासारखं ठरलेलंच धरून चाल, स्लॅबच्या तारखा त्याच्या आजूबाजूले बसव. लोक काय करतात, मोठी उचल देऊन आधार कार्ड जवळ ठेवतात की पळू नये. असं अजिबात करू नको. उचलीसाठी माणूस अडकवून ठेवला तर १९७६ च्या वेठबिगारी कायद्यात गुन्हा होते, पोलीस घरी येते. हिशेब वेळेवर कर, परत तुझ्याकडेच येतील. नोव्हेंबर २०२५ पासून जे नवे लेबर कोड लागू झाले त्यात रोजीवाल्याचे पैसे पाळी संपल्यावर, आठवड्यानं घेणाऱ्याचे आठवडी सुट्टीच्या आधी आन् काम सोडणाऱ्याचे दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहेत.

तू म्हणशील, बिल्डरच बिल दोन महिने अडकवते तर मी कुठून देऊ? बरोबर आहे, तिथंच नवा पोरगा बुडते. म्हणून वर्क ऑर्डर घेतल्याशिवाय टोळी उतरवू नको, दर स्लॅबले बिल, किती दिवसांत पैसे, रिटेन्शन (बिलातून अडकवून ठेवलेली रक्कम) किती आन् कधी सुटन, हे सारं त्यात लिहून घे. एका चुकाऱ्याएवढे पैसे बँकेत वेगळे ठेव, कितीही ओढाताण झाली तरी हात लावू नको. तू मजुरी चुकवली तर काम देणाऱ्याले भरावी लागते, म्हणून चांगला बिल्डर तुझं बुक स्वतः मागते. जो म्हणते कागदपत्र कशाले, भावासारखे आपण, त्याचं काम मी घेत नाही.

मे महिन्यात बारा ते चार काम बंद ठेव, आपल्या नागपूरचं ऊन माणूस खाते. सकाळी सहाले चालू कर.

रविवारी दहा वाजेनंतर घरी ये, वर्क ऑर्डर आन् कोरं हजेरीबुक घेऊन ये. रेट बसून काढू.