पाठ झाले, पण शिकून झाले का?

वडोदरा

प्रिय चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उजळणीच्या दुसऱ्याच दिवशी घेतलेल्या चाचणीत वर्ग चांगला उतरला आणि पंधरवड्याने तोच प्रश्न विचारल्यावर निम्म्या मुलांनी माना खाली घातल्या, असे तुझ्या पत्रात वाचले. मुलांनी कष्ट घेतले नाहीत, हा तुझा निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये साऱ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मूल शाळेत आणण्याचा प्रश्न तेव्हाच हाती घेतला गेला. आलेले मूल शिकते म्हणजे नेमके काय करते, याविषयी मात्र आपण शिक्षक अजूनही पुष्कळ काही न तपासता गृहीत धरतो. धडा पुन्हा पुन्हा वाचला की पक्का होतो, ही त्यातली सर्वांत चिवट समजूत. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एकदा वाचलेला उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने पाहिले तेव्हा आठवून लिहिणारे. म्हणून तासाच्या आरंभी वह्या मिटवून मागचे लिहायला लाव, पण त्याला गुण देऊ नकोस. गुण आले की मूल आठवायचे सोडून शेजारच्या कागदात डोकावते (आणि पालक तुझ्या दारात उभे राहतात).

चुकीकडेही जरा निराळ्या नजरेने पाहा. एक द्वितीयांशात एक तृतीयांश मिळवून दोन पंचमांश लिहिणाऱ्या मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेला असतो; पूर्ण संख्यांच्या बेरजेची सवय त्याने इथे प्रामाणिकपणे चालवलेली असते. लाल फुली मारलीस तर ते रीत घोकील, समज होती तशीच राहील. त्याऐवजी विचार, "ताटात अर्धी भाकरी होती, त्यावर आणखी वाढली, मग ती अर्धीहून कमी कशी झाली?" आणि थांब. तुझ्यासारख्या उत्साही शिक्षकाला हे थांबणेच सर्वांत जड जाईल.

घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि वर्गात इंग्रजी अशी तुझ्या मुलांची स्थिती आहे; गप्प बसणाऱ्याला कच्चे ठरवण्यापूर्वी त्याला ज्या भाषेत सुचते, तीत एकदा बोलू दे. वर्गात गलबला होईल आणि मुख्याध्यापकांकडून विचारणाही होईल. तेव्हा त्याच मुलाची आधीची आणि नंतरची वही शेजारी शेजारी त्यांच्यापुढे ठेव.

कळावे,
तुझा हितचिंतक