जाहिरातीवर पैसे न घालता छोट्या व्यवसायाच्या पोस्ट जास्त लोकांपर्यंत कशा पोहोचवायच्या?

आधी एक गोष्ट मान्य करून टाका: फेसबुक पेजवर नुसती पोस्ट टाकून सगळ्या फॉलोअर्सपर्यंत पोहोचण्याचे दिवस गेले. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने न्यूज फीडमध्ये मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य देणार असल्याचं जाहीरच केलं होतं. त्यामुळे 'रीच पडला', म्हणजे पोस्ट कमी लोकांना दिसली, म्हणून रोज तीन पोस्ट टाकत सुटू नका, दमून जाल.

त्यापेक्षा लोक दुसऱ्याला पाठवतील असं काही बनवा. समजा, शिवणकामाचा व्यवसाय आहे. 'आमच्याकडे उत्तम शिलाई' हे पोस्टर कोणी कशाला पाठवेल? पण अडकलेली चेन मेणबत्ती घासून कशी सरकवायची, याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ लोक हमखास पाठवतात. त्यात पहिल्याच फ्रेममध्ये अडकलेली चेन दिसू द्या. लोगो फिरत येईपर्यंत बघणारा पुढे गेलेला असतो. इन्स्टाग्रामवर तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोहोचायला रील्सच जास्त कामी येतात. दुसऱ्या ॲपचा वॉटरमार्क, म्हणजे त्या ॲपचा शिक्का, असलेला व्हिडिओ मात्र तिथे चढवू नका, इन्स्टाग्राम नव्या लोकांना सुचवतं त्या व्हिडिओंत तो मागे पडतो.

विषय सुचत नसतील तर व्हॉट्सॲपवर ग्राहक काय विचारतात ते चाळा. तोच प्रश्न पाच जणांनी विचारला असेल तर पोस्ट तयारच आहे. कॅप्शनमध्येही त्यांचेच शब्द वापरा, लोक शोधतातही तसंच.

कमेंटला उत्तर द्या, नुसता हात जोडलेला इमोजी नको. हॅशटॅग नेमके दोन-चार पुरेत. आणि फॉलोअर्स विकत घेऊ नका हो! ते ना बघतात, ना काही घेतात.