जर्मनीत चांगला चहा कुठे मिळतो? सगळे कॉफीच पितात इथे!

मिळतो हो, आणि चांगला मिळतो. तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी जर्मनीत आलात, घरून आणलेली पावडर संपत आली, सुपरमार्केटमधल्या टी-बॅगचा चहा म्हणजे नुसतं रंगीत पाणी, आणि ऑफिसात सगळे कॉफी मशीनभोवती गोळा. मी बरीच वर्षं इथे राहतोय, त्यामुळे वैताग समजू शकतो. पण या देशात चहा नाही असं नाहीये, तो आपण बघतो त्या कप्प्यात नसतो एवढंच.

सुपरमार्केटमध्ये चहाचा भलामोठा कप्पा दिसतो ना, त्यातलं निम्म्याहून जास्त सामान चहाच नसतं. बडीशेप-शहाजिरं, कॅमोमाइल, पुदिना, सुकवलेली फळं, पोट बिघडल्यावर प्यायचे काढे, या सगळ्याला इथे टे म्हणतात. तुम्हाला श्वार्त्सटे म्हणजे काळा चहा (आपला नेहमीचाच) हवाय, आणि तो सुटा, टी-बॅगमधला नाही. आता त्यातही सरळ ओस्टफ्रीझन हा शब्द शोधा. माझं अर्धं उत्तर इथेच संपलं खरं तर.

कारण जर्मनीच्या अगदी वायव्य टोकाला, हॉलंडला लागून, ओस्टफ्रीसलँड नावाचा भाग आहे आणि तिथले लोक आपल्यापेक्षाही जास्त चहाबाज आहेत, म्हणजे खरंच, माणशी वर्षाला साधारण ३०० लिटर चहा पितात. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांमुळे चहा तिकडे आला आणि मुरला. पुढे प्रशियाच्या राजाने, दुसऱ्या फ्रेडरिकने, पैसा परदेशात जातो म्हणून चहा बंद करायचा प्रयत्न केला, लोकांनी दाद दिली नाही, शेवटी राजालाच माघार घ्यावी लागली. दुसऱ्या महायुद्धात सगळीकडे रेशन असताना या भागाला चहाचा जास्तीचा कोटा होता, नाहीतर लोक ऐकणारच नव्हते! २०१६ मध्ये तर त्यांची चहाची पद्धत जर्मनीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. पद्धत अशी की कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा, त्यावर गरम कडक चहा ओतायचा, खडा तडतडतो, मग कडेने चमचाभर साय हळूच सोडायची आणि ढवळायचं मात्र नाही. आधी सायीची चव, मग कडक चहा, तळाशी गोड. आणि तीन कप तरी प्यायचेच, त्याआधी उठणं बरं दिसत नाही, चौथा नको असेल तर चमचा कपात ठेवून द्यायचा. कधी तिकडे गेलात तर नॉर्डेनला चहाचं म्युझियम आहे, जरूर बघा.

आपल्या कामाची गोष्ट ही की त्यांच्या चहात मुख्य माल आसामचा असतो आणि पान बारीक तुटलेलं असतं, म्हणून तो दूध सहन करतो. पाकिटावर एश्टर (म्हणजे अस्सल) ओस्टफ्रीझनटे लिहिलं असेल तर तो तिकडेच मिसळलेला, नुसतं ओस्टफ्रीझिशे मिशुंग (म्हणजे मिश्रण) असेल तर दुसरीकडेही बनलेला असू शकतो. लेअरचं ब्युंटिंग (१८०६ पासूनचं दुकान) आणि एम्डेनचं थीले ही तिकडची जुनी नावं. उत्तरेला कुठल्याही दुकानात मिळतात, म्युनिक-स्टुटगार्टकडे कधी मिळतात कधी नाही, तेव्हा ऑनलाइन मागवा.

चहाच्या खास दुकानात गेलात तर विक्रेता कौतुकाने दार्जिलिंग दाखवेल. दार्जिलिंग इथे खरंच उत्तम मिळतो, टेकांपान्ये नावाची बर्लिनला सुरू झालेली कंपनी १९८५ पासून मोठ्या पाकिटांत थेट विकतेय, पण तो दुधात उकळायचा चहा नव्हे, कृपा करून तो आलं घालून उकळू नका. पाकिटावर FTGFOP अशी इंग्रजी अक्षरांची लांब शेपूट असेल तर तो बहुधा अख्ख्या पानांचा आणि महाग, आणि आपल्या पातेल्यात त्याचा उपयोग कमी. सरळ "आसाम ब्रोकन" मागा.

अगदी घरच्यासारखाच उकळलेला चहा हवा असेल तर मात्र सीटीसी दाणाच लागतो, म्हणजे यंत्रात चुरडून गोळीसारखा केलेला आपला नेहमीचा दाणेदार चहा, तो लगेच रंग सोडतो. इंडियन स्टोअरमध्ये वाघ बकरी, टाटा टी गोल्ड सहज असतं, नशीब असेल तर सोसायटी पण. तारीख बघून घ्या, कधीकधी जुना माल पडून असतो आणि चहाला वास राहत नाही. मी दोन्ही मिसळतो, रंगाला सीटीसी आणि चवीला ओस्टफ्रीझन, हे आमच्या घरचं प्रमाण आहे, तुम्ही तुमचं बसवा.

पावडर चांगली आणून पण चहा फसतो तो पाण्याने. बर्लिन, म्युनिककडे पाणी चांगलंच जड आहे, चुन्यामुळे कपावर ती तेलकट दिसणारी साय धरते ना, तीच ती. फिल्टरचा जग घ्या, फरक पहिल्या कपात कळतो. आणि ऑफिसच्या कॉफी मशीनमधून येणारं गरम पाणी चहाला घेऊ नका, ते धड उकळलेलं नसतं आणि त्याला कॉफीचा वास मारतो. स्वतःची किटली ठेवा, लोक हसतील दोन दिवस.

दूध ३.५ टक्के फॅटवालं फ्रिशमिल्श म्हणजे ताजं दूध घ्या, हाल्टबार म्हणजे टिकाऊ दुधाला शिजल्यासारखी चव असते. म्हशीच्या दुधाची सवय असेल तर हेही पातळच वाटेल, मग बिनसाखरेचं कोंडेन्समिल्श म्हणजे आटवलेलं दूध मिळतं, जर्मन लोक कॉफीत घालतात ते, त्यातलं दहा टक्के फॅटवालं थोडं घाला.

आलं कुठेही मिळतं. गवती चहा मात्र आशियाई दुकानात, आणि तिथेही नुसते खालचे दांडे, पात कापून टाकलेली असते! दांडा ठेचून घालायचा, वास येतो पण आपल्या पातीची सर नाही. कोणी अंगणातून आणून सुकवलेली पात दिली तर जपून वापरा.

हो आणि एक गंमत, कॉफीवर इथे वेगळा कर आहे, भाजलेल्या कॉफीला किलोमागे २.१९ युरो. चहावरचा कर १९९३ मध्येच काढून टाकला. म्हणजे सरकार तरी आपल्या बाजूने आहे.

बाहेर काय प्यायचं? कॅफेत चाय लाटे अजिबात मागवू नका, बहुतेक ठिकाणी ते दालचिनीच्या पाकातलं गोड दूध असतं. ट्रेनमध्ये गरम पाण्याचा ग्लास आणि बाजूला टी-बॅग, तेही सोडा. त्यापेक्षा कुठल्याही तुर्की बेकरीत किंवा डोनरच्या दुकानात शिरा, तुर्कस्तानातल्या रिझे भागातला काळा चहा छोट्या ग्लासात मिळतो, कडक, गरमागरम, अगदी स्वस्त, जेवलात तर कधीकधी फुकटसुद्धा देतात. फक्त तिथे दूध मागू नका, मालकाचा चेहरा बघवत नाही.