ट्रॅक्टरच्या लोडरच्या बकेटवर हायड्रॉलिक पंजा बसवायचा आहे, त्याला तेल कुठून घ्यायचं?

तुमचा प्रश्न असा, की लोडरच्या लिव्हरला दोनच कामं आहेत: आर्म वर-खाली करणं आणि बकेट वळवणं. ओंडके आणि काटेरी झुडपं धरायला पंजा लावायचा, तर तो उघडमीट करायला मागच्या व्हॉल्व्हमधून पाइप पुढे आणले तर भागेल का?

भागतं. मी दोन वर्षं तसंच भागवलं आणि शेवटी कंटाळून बदललं. जोडणी सोपी आहे. मागच्या डबल ॲक्टिंग (दोन्ही दिशांना तेल देणाऱ्या) व्हॉल्व्हला दोन पाइप लावायचे आणि चॅसीच्या कडेने पुढे न्यायचे, बस्स. खोटी होते ती हातांची. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा लोडरच्या लिव्हरवर, आणि पंजाचा लिव्हर कुठेतरी सीटच्या मागे. ओंडका घसरायला लागला की नेमका कुठला हात सोडायचा? शिवाय मागच्या लिव्हरला लॉक असेल आणि प्रेशर चढल्यावर तो आपोआप सुटत नसेल, तर पंजा पूर्ण मिटल्यावरही पंप ढकलतच राहतो. तेल रिलीफ व्हॉल्व्हवरून (जादा प्रेशर सोडणाऱ्या) परत जातं, इंजिन कण्हायला लागतं आणि तेल तापतं.

आता माझ्याकडे डायव्हर्टर व्हॉल्व्ह आहे. बकेट वळवणाऱ्या दोन पाइपांच्या मधे हा १२ व्होल्टचा सोलेनॉइड (विजेने चालणारा) व्हॉल्व्ह बसतो. लिव्हरच्या मुठीवरचं बटण दाबलं की तेच तेल बकेटऐवजी पंजाकडे जातं, सोडलं की परत बकेटकडे. दोन्ही आर्मना जोडणाऱ्या आडव्या पाइपवर तो क्लॅम्पने बसवला, म्हणजे पुढे दोनच पाइप न्यावे लागतात. (क्लॅम्पनेच बसवा. लोडरच्या आर्मला भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका.) यात उणीव एकच: बकेट वळवणं आणि पंजा मिटणं एकाच वेळी होत नाही. ओंडक्यांच्या कामात ती मला कधी जाणवली नाही, कारण आधी धरायचं आणि मग उचलायचं असंच होतं. झुडपं मुळासकट उपटायची असतील तर मात्र वळवता वळवता पकड आवळावी लागते. तेव्हा स्वतंत्र थर्ड फंक्शन व्हॉल्व्हच हवा, म्हणजे फक्त पंजासाठीचा वेगळा तिसरा व्हॉल्व्ह.

तो घेण्याआधी तुमची हायड्रॉलिक सिस्टीम ओपन सेंटर आहे की क्लोज्ड सेंटर, हे मॅन्युअलमध्ये बघाच. ओपन सेंटरमध्ये पंपाचं तेल सतत फिरत असतं, एका व्हॉल्व्हमधून पुढच्यात जातं आणि शेवटी मागच्या लिफ्टला पोचतं. या साखळीत नवा व्हॉल्व्ह घालताना त्याला पॉवर बियाँडचं (पुढच्या व्हॉल्व्हला प्रेशरचं तेल देणारं) तोंड असलं पाहिजे, आणि टाकीकडे जाणारा पाइप वेगळा. ही दोन तोंडं उलटसुलट झाली की लिफ्ट वापरताना प्रेशर व्हॉल्व्हच्या नको त्या भागात कोंडतं आणि बॉडी फुटू शकते. क्लोज्ड सेंटरमध्ये लिव्हर न हलवल्यास तेल थांबलेलं असतं; त्यावर ओपन सेंटरचा व्हॉल्व्ह लावला तर तेल विनाकारण पळत राहतं आणि तापतं. डायव्हर्टरला हे लचांड नाही, तो लोडरच्या व्हॉल्व्हच्या पुढे बसतो.

पंप पुरेल का, ही काळजी सोडून द्या. ५० मिमी बोअर आणि २०० मिमी स्ट्रोकच्या सिलिंडरला जेमतेम ०.४ लिटर तेल लागतं. मिनिटाला २० लिटर देणारा पंप तो सव्वा सेकंदात भरतो. जोरही कमी नसतो: १५० बारला तोच सिलिंडर साधारण ३ टनांनी दाबतो. बिघडते ती बकेट. ती माती भरायला बनवलेली असते, वरून चिमटा सोसायला नाही. बाजूची भिंत वाकते नाहीतर मागचा पत्रा फाटतो. म्हणून पंजाचा बुंधा जिथे बसेल तिथे आतून जाड पट्टी हवी. जमलं तर दोन स्वतंत्र पाती आणि दोन सिलिंडर घ्या. एका बाजूला जाड बुंधा आणि दुसरीकडे फांद्या आल्या तरी दोन्ही बाजू आपापल्या परीने मिटतात.

पाइपांची लांबी मी पहिल्यांदा बकेट जमिनीवर सपाट ठेवून मोजली. दिसायला झकास. आर्म पूर्ण वर नेऊन बकेट पालथी केली आणि एक पाइप ताणून फिटिंगपाशी मुरगळला, तेलाची चूळ थेट बॉनेटवर. तेव्हा आर्म खाली आणि वर, बकेट उलटी आणि सुलटी, पंजा उघडा आणि मिटलेला, अशा सगळ्या स्थिती हळूहळू फिरवून बघितल्याशिवाय पाइप कापून घेऊ नका. सांध्याजवळ थोडा झोल ठेवा, पण पिनमध्ये चिमटेल इतका नाही.

गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेलं तेल कातडीतून आत शिरतं. वर फक्त ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही फारसं, पण तसंच ऑपरेशनला पळावं लागतं. पाइप सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर चारी बाजूंना हलवून प्रेशर काढून टाका. डायव्हर्टर असेल तर चावी चालू ठेवून बटण दाबूनही हलवा, नाहीतर पंजाच्या पाइपात प्रेशर अडकून राहतं आणि कपलिंग लागता लागत नाही.

वजनाचा हिशेबही आधी करा. लोडर ५०० किलो उचलत असेल आणि बकेटवर १२० किलोचा पंजा चढवला, तर तेवढं ओझं कमी झालं. काही ठिकाणी क्षमता पिनपाशी मोजलेली असते, ओंडका मात्र पिनच्या बराच पुढे असतो, म्हणजे हातात अजूनच कमी उरतं. मागे तीन पॉइंटला वजन अडकवल्याशिवाय काम सुरू करू नका, नाहीतर मागची चाकं हलकी होतात आणि सगळा भार पुढच्या ॲक्सलवर येतो. पंजा असला तरी गोल ओंडका गुडघ्याच्या वर नेऊन चालवू नका. बकेट मागे कलली की तो आर्मवरून थेट सीटकडे घरंगळतो.

सगळं जोडून झालं की पंजा आठदहा वेळा उघडमीट करून हवा काढा आणि मग तेलाची पातळी बघा. नव्या पाइप-सिलिंडरमध्ये गेलेलं तेल टाकीतूनच गेलेलं असतं. ट्रॅक्टरचं मॉडेल आणि मागे किती व्हॉल्व्ह आहेत ते कळवलंत, तर कुठला पाइप कुठे सोडायचा ते सांगतो.