‘छावा’ घरी पाहिला आणि फारसं काही वाटलं नाही. थिएटरला गेलो असतो तर वाटलं असतं का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ तुम्ही २०२५ च्या एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सवर आला तेव्हा घरी पाहिलात आणि तो ठीकठाक वाटला. ऑफिसातले बाकीचे मात्र फेब्रुवारीतच थिएटरला जाऊन डोळे सुजवून आले होते. ‘मला एवढा नाही भावला’ असं तुम्ही म्हणालात तर त्यांचे चेहरे बदलले. म्हणून तुम्ही विचारताय की दोष घरी पाहण्याचा, सिनेमाचा की तुमचा, आणि पुढचा ऐतिहासिक सिनेमा थिएटरलाच जाऊन पाहावा का.

सगळ्यात आधी हे मनातून काढून टाका की तुमचं काही चुकलंय. संभाजी महाराजांबद्दलचा आदर वेगळा आणि दोन तास एक्केचाळीस मिनिटांच्या एका हिंदी सिनेमाबद्दलचं मत वेगळं. आपल्याकडे या दोन गोष्टींची फार लवकर गल्लत होते आणि मग सिनेमाबद्दल कुणी मोकळेपणाने बोलतच नाही. मी शिरूर तालुक्यातली आहे. वढू बुद्रुकला समाधीच्या दर्शनाला लहानपणापासून जाते. तरीसुद्धा या सिनेमाबद्दल माझ्या बऱ्याच तक्रारी आहेत, आणि तरीसुद्धा मी थिएटरात रडले.

मी तो दोनदा पाहिला. पहिल्यांदा पिंपरीत, १९ फेब्रुवारीला रात्रीच्या शोला. शिवजयंतीची सुट्टी होती, दिवसभराचे खेळ आधीच भरलेले होते. मी, नवरा आणि धाकटा दीर, तिघांना तीन वेगवेगळ्या रांगांत जागा मिळाली. माझ्या शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ होते. सिनेमा सुरू होण्याआधीच त्यांनी चपला काढून सीटखाली नीट जोडून ठेवल्या आणि शेवटपर्यंत अनवाणी बसले. पुढच्या रांगेत भगवा फेटा बांधलेला पाच-सहा वर्षांचा मुलगा वडिलांच्या मांडीवर होता. बुऱ्हाणपूरच्या लढाईत तो टाळ्या वाजवत होता. शेवटी शेवटी त्याने वडिलांच्या छातीत तोंड खुपसलं, आणि वडील त्याचे कान झाकून बसले होते. या सिनेमाला ‘यूए १६+’ प्रमाणपत्र आहे ते उगाच नाही. लहान मुलांना आणायला नको होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

शेवट झाला, दिवे लागले, डोअरकीपरने दारं उघडली, तरी कुणी उठेना. मग मागून कुणीतरी गारद म्हणायला सुरुवात केली. आवाज घोगरा झालेला, दोन ठिकाणी शब्द अडकले, तेव्हा आजूबाजूच्यांनी ते शब्द पुरवले. शेजारच्या गृहस्थांनी चपला हातात घेतल्या आणि तसेच बाहेर पडले. तुमच्या ऑफिसातल्या लोकांनी जे पाहिलं त्यात हे सगळं धरा. त्यांच्या आठवणीतून पडद्यावरचा सिनेमा आणि त्या रात्रीचं थिएटर वेगळं काढता येणार नाही, आणि त्यांनी ते का काढावं? पण तुम्हाला यातलं काही मिळालंच नव्हतं. तुम्ही फक्त सिनेमा पाहिलात.

आणि निव्वळ सिनेमा म्हणून पाहिलं तर तुमच्यासारखं म्हणणारे बरेच आहेत. तिकीटबारीवर त्याने भारतातच ६०० कोटींच्या आसपास कमाई केली हे खरं, पण लोकांच्या तक्रारीही पहिल्या आठवड्यापासून होत्या. पूर्वार्ध म्हणजे एकामागून एक लढाया आणि मध्येच गाणं. रश्मिका मंदानाच्या तोंडी येसूबाईंची भाषा बसत नाही. ए. आर. रहमान यांचं पार्श्वसंगीत काही जागी प्रसंगाला दाबून टाकतं. राजे हिंदीत बोलतात हे मराठी कानाला खटकतं. ट्रेलरमधलं लेझीमचं दृश्य तर आक्षेप आल्यावर दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी प्रदर्शनाआधीच काढलं. पुढे गणोजी आणि कान्होजी शिर्के यांना फितूर दाखवल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. ‘बुधभूषण’ हा ग्रंथ संस्कृतात लिहिणारा राजा, जंजिऱ्याला वेढा घालणारा, १६८३ मध्ये पोर्तुगीजांच्या गोव्यावर चालून जाणारा, नऊ वर्षं चहूबाजूंच्या शत्रूंशी एकाच वेळी झुंजत कारभारही बघणारा राजा, हा सिनेमात जेमतेम दिसतो. शिवाजी सावंतांची १९७९ ची कादंबरी ज्यांनी वाचलीय त्यांना ही उणीव जास्त जाणवते, कारण तिथे शंभूराजांना बालपण आहे, वडिलांशी नातं आहे, मनातली घालमेल आहे. सिनेमाने त्यांचं शौर्य घेतलं आणि हौतात्म्य घेतलं. मधला माणूस राहून गेला. घरी शांतपणे पाहणाऱ्याला हे पटकन दिसतं. थिएटरात मला ते दिसलं नव्हतं, कारण तिथे ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला खुर्ची हादरत होती. रहमानच्या संगीताचंही तसंच. थिएटरमध्ये आवाजाच्या जोरावर ते निभावून गेलं, घरच्या टीव्हीवर उघडं पडलं.

मग मी तुम्हाला थिएटरला जा असं का सांगणार आहे? शेवटच्या भागासाठी.

फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला महाराज पकडले गेले. बहादूरगडावर, म्हणजे आजच्या पेडगावला, त्यांना बादशहासमोर नेलं, आणि ११ मार्चला, फाल्गुन अमावास्येला, त्यांची हत्या झाली. मधे सव्वा महिन्याहून जास्त काळ गेला. सिनेमा हा छळ लांबवतो. संगमेश्वरची चकमक, साखळदंड, विकी कौशल (संभाजी महाराज) आणि विनीत कुमार सिंग (कवी कलश) यांच्यातली ती कवितेची देवाणघेवाण, मग पुन्हा छळ. बघणाऱ्याला वाटतं, आता संपेल, आणि ते संपत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे हा भाग बेतलाच आहे अशा माणसासाठी, जो अंधारात बसलाय, ज्याच्या हातात रिमोट नाही आणि ज्याला उठायचं तर दहा जणांचे गुडघे ओलांडून जावं लागेल. आपल्याला थांबवता येत नाही, त्यांनाही थांबवता आलं नव्हतं, ही जाणीव हळूहळू अंगात भिनते. मला रडू आलं ते रक्त बघून नाही. ‘बास आता’ असं मी मनात म्हणाले आणि पुढच्या क्षणी लक्षात आलं की हे म्हणणारी मी नुसती प्रेक्षक आहे.

घरी हे होणं अवघड. तुम्ही प्रामाणिकपणे आठवून बघा, तो भाग तुम्ही सलग पाहिलात का? माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी दहा-दहा सेकंद पुढे ढकलत पाहिला. त्यांना दोष देत नाही. पण मग मनावर काहीच उमटलं नाही म्हणून आश्चर्य वाटायला नको.

दुसऱ्यांदा मी तो पाहिला गावी, आजीबरोबर. आजी ऐंशीच्या पुढची आहे, गुडघे गेलेत, डाव्या कानाने ऐकू येत नाही. तिला थिएटरच्या पायऱ्या चढवणं शक्य नव्हतं. १४ फेब्रुवारीला प्रदर्शित झालेला सिनेमा ११ एप्रिलला, बरोबर आठ आठवड्यांनी, घरात आला आणि तिचा प्रश्न सुटला. तिने तरुणपणी जत्रेतल्या तंबूत सिनेमे पाहिलेले. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, खाली बसायला घरून नेलेलं पोतं. भालजी पेंढारकरांचे ऐतिहासिक सिनेमे तिने असेच पाहिले. त्यामुळे टीव्हीसमोर बसतानाही ती डोक्यावरचा पदर सारखा करून बसली.

तिच्याबरोबर पाहताना मला थिएटरात निसटलेल्या बऱ्याच गोष्टी सापडल्या. अक्षय खन्नाचा औरंगजेब किती हळू बोलतो, हातातलं विणकाम चालूच ठेवून केवढा मोठा हुकूम सोडतो, ते थिएटरच्या गोंगाटात मला नीट पोचलंच नव्हतं. तिथे तो पडद्यावर आला की लोक ओरडत होते, आणि शेवटच्या प्रसंगाला तर चार-पाच जण मोबाइल वर धरून चित्रण करत होते. त्या उजेडाने माझं लक्ष जायचं आणि राग यायचा. घरी आम्ही थांबवून बोललो. ‘ही सोयराबाई अशीच होती का गं?’ असं आजीने विचारलं, तेव्हा मी थांबवून मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं, आणि तिने तिच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. सिनेमापेक्षा त्या गप्पा मोठ्या झाल्या. घरच्या पडद्याचं हे सुख मी कधीच कमी लेखणार नाही.

पण महाराजांना साखळदंडात आणलं तेव्हा ती म्हणाली, “बंद कर.”

मी थांबवलं. पाणी दिलं. म्हटलं, थोडं पुढे नेऊ का? ती म्हणाली, “पुढचं मला माहिती आहे. आमच्या भीमेच्या काठावरच झालंय ते.” मग ती उठून देवघरासमोर जाऊन बसली. आम्ही तो सिनेमा पूर्ण केला नाही. तिच्यासाठी तो तिथेच पूर्ण झाला होता असं मला वाटतं. तंबूत असती तर तिला सगळं बघावं लागलं असतं. घरात होती म्हणून तिला नको म्हणता आलं. तिच्या वयाला, तिच्या मनाला हेच योग्य होतं.

आता तुमच्या घरच्या टीव्हीबद्दल, कारण ‘ठीकठाक’ वाटण्यात त्याचाही हात असू शकतो. आजीकडे पहिल्या पाच मिनिटांत मला सगळं मालिकेसारखं दिसायला लागलं, जणू सेटवर कॅमेरा लावून शूट केलंय. कारण सोपं आहे. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात आणि बरेचसे टीव्ही मधली चित्रं स्वतः तयार करून भरतात, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसते. क्रिकेटला ते बरं, सिनेमाला वाईट. तलवारीचा वार हलका वाटायला लागतो. सेटिंगमध्ये ‘मोशन’ किंवा ‘स्मूथ’ अशा नावाने ते असतं, ते बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर थेट तोच लावा.

दुसरं म्हणजे आवाज. लढाईचा आवाज कान फाडतो आणि संवाद ऐकूच येत नाहीत, ही घरोघरची तक्रार आहे. थिएटरात संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतो. आपल्या पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात, आणि सगळे आवाज त्या दोन बारक्या भोकांतून बाहेर येतात. साउंडबार नसेल तर ऑडिओच्या यादीत ५.१ (म्हणजे अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) नसलेला पर्याय मिळतो का बघा, आणि टीव्हीचा नाइट मोड लावा, तो मोठे आवाज दाबतो. सबटायटल लावायला लाजू नका, आजीसाठी मी हिंदी सबटायटल लावली होती आणि मलाच त्यांचा जास्त उपयोग झाला. वर-खाली दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांना मात्र हात लावू नका. असे सिनेमे बहुतेक वेळा २.३९ : १ अशा रुंद चौकटीत चित्रित होतात आणि टीव्हीच्या उंचीतला साधारण पाऊण भागच वापरतात. ‘झूम’ करून पट्ट्या घालवल्यात तर कडेचे घोडेस्वारही जातील.

पुढच्या सिनेमाचं विचारलंत, तर माझं मत स्पष्ट आहे: लढाई आणि बलिदान हा ज्याचा गाभा आहे तो पहिल्यांदा थिएटरलाच पाहा. पहिल्याच दिवशी जायची गरज नाही. घोषणा आणि मोबाइलचे दिवे नको असतील तर दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार-बुधवारचा दुपारचा खेळ घ्या, बसायला पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश मागे आणि मधोमध, तिथे आवाज सगळ्यात चांगला जुळतो. घरात लहान मुलं असतील, किंवा आजीसारखं कुणी असेल, तर त्यांच्यासाठी दोन महिने थांबा आणि त्यांच्याबरोबर घरी पुन्हा पाहा. आणि सिनेमा आवडला नाही तर ऑफिसात तसंच सांगा, मात्र काय आवडलं नाही तेही सांगा. येसूबाईंची भाषा, विस्कळीत पूर्वार्ध, राहून गेलेला राजकारणी संभाजी. इतकं नेमकं बोललात की समोरचाही सिनेमाबद्दलच बोलायला लागतो.

‘छावा’ला आणखी एक संधी द्यावीशी वाटली तर पूर्ण नका बघू. टीव्हीचं ते सेटिंग बदला, रात्री दिवे मालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून संगमेश्वरपासून शेवटपर्यंत एका बैठकीत बघा, रिमोटला हात न लावता. मग काय वाटलं ते इथेच खाली लिहा. तेव्हाही ठीकठाकच वाटला तरी लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.