घरी जोडलेल्या संगणकाचे पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच दिसत नाही. दोष कसा शोधावा?

पंखे फिरतात म्हणजे पॉवर सप्लाय निर्दोष आहे, असे मात्र समजू नये. प्रथम मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डाच्या, कडेचे चार बारीक दिवे पाहावेत, कारण अलीकडच्या अनेक बोर्डांवर प्रोसेसर, रॅम (मेमरी), ग्राफिक्स कार्ड आणि बूट (संगणक चालू होण्याची प्रक्रिया) यांची तपासणी याच दिव्यांतून कळते आणि जो दिवा विझत नाही, तिथूनच शोध सुरू करायचा असतो.

रॅमचा दिवा अडून राहिला तर घाई करू नये. डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमचा नवा बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना मेमरीची जुळणी करण्यात काही मिनिटे घेतो, आणि नेमके तेवढ्यात वैतागून बटण दाबणारेच अधिक. पंधरा मिनिटांनंतरही फरक न पडल्यास वीज पूर्ण बंद करून एकच रॅम ठेवावी आणि चार स्लॉटच्या (रॅम बसवायच्या खाचांच्या) बोर्डावर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये ‘खट्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवावी. मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी रॅम लावून पाहावी. रॅम बदलल्यावर संगणक सुरू झाला तर पहिली रॅम संशयित; दोन्ही रॅम एका स्लॉटमध्ये चालतात आणि दुसऱ्यात अडतात, तर संशय स्लॉटवर किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधील वाकलेल्या पिनेवर.

प्रोसेसरचा दिवा लागून राहिल्यास बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातील, प्रोसेसरला वीज देणारी ८ पिनांची केबल पाहावी. २४ पिनांची मोठी केबल लावली की ही हमखास विसरली जाते. तसेच इंटेलच्या ‘एफ’ अक्षराने संपणाऱ्या प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स नसल्यामुळे मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावावी. पॉवर सप्लायवर संशय असल्यास दुसरा लावून पाहावा, पण तो उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार उरू शकतो.